अकिलीस टेंडन तुटल्यानंतर पुन्हा गोल्फ: बूट चढवण्यापासून ड्रायव्हरची काठी काढेपर्यंत

बडोद्यात अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर, तुटण्याच्या दोन हमखास जागा आहेत: रात्री अकराचं बॉक्स क्रिकेट आणि नवरात्रातला गरबा. गोल्फ खेळताना तो क्वचितच तुटतो. पण ज्यांचा तुटतो ते बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी मैदानात असे. त्यांतले काही लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या गोल्फ कोर्सवर सकाळी लवकर हजर असणारेही निघतात. क्रिकेट सुटलं तरी चालेल म्हणतात, गोल्फचं मात्र पहिल्याच भेटीत विचारतात.

गोल्फ खेळता येतं. प्रश्न फक्त कधीचा नाही, टेंडन कसा जुळून आला याचा आहे. तो जवळपास सगळ्यांचा जुळतो. पण ताणला जाऊन दीड-दोन सेंटिमीटर लांब होऊन जुळला, तर पोटरी कितीही कमावली तरी टाच पूर्ण उचलली जात नाही. ढिल्या दोरीनं बादली नीट ओढली जात नाही, तसंच ते. पुढे जे जे सांगतोय त्यातलं बरंचसं ही लांबी जपण्यासाठीच आहे. मी फिजिओथेरपीतला माणूस, त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावरचं सर्जनवर सोडून त्याच्या अलीकडचं-पलीकडचं लिहितो.

तुटलाय हे ओळखायचं कसं

मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं आणि वळून बघावं तर मागे कुणी नसतं. काहींना ‘फट्’ असा आवाजही येतो. पहिली काही मिनिटं जोराची कळ, मग दुखणं चक्क कमी होतं, आणि घोळ इथेच होतो. ‘लचक भरली असेल’ म्हणून बाम लागतो, शेकण्याची पिशवी येते, शेजारचे काका हाडवैद्याचा पत्ता देतात. ‘बोटं हलतायत की, म्हणजे शीर शाबूत आहे’ हे वाक्य तर ठरलेलं. बोटं हलवणारे आणि घोटा थोडाफार खाली नेणारे स्नायू वेगळे असतात, ते ठीकच असतात. त्यामुळे लंगडत चालताही येतं. निदान पहिल्या खेपेला हुकण्याचं प्रमाण या दुखापतीत बरंच आहे, ते यामुळेच.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. पलंगावर पालथं झोपा, पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि दुसऱ्याला पोटरी मधोमध दाबायला सांगा. चांगल्या पायाची पोटरी दाबली की पंजा आपसूक खाली जातो. दुखऱ्या पायाचा पंजा ढिम्म राहिला तर टेंडन तुटलाय असंच धरून चाला. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर बोट फिरवलं तर बऱ्याचदा खड्डाही लागतो. तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि तो सहसा तिथेच तुटतो. मग सोनोग्राफी, शंका उरली तर एमआरआय. एक्स-रेत टेंडन दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे ऐकून घरी परतू नका.

तोवर पाय टेकवू नका. पंजा खाली झुकलेला ठेवा, म्हणजे तुटलेली टोकं जवळ राहतात. मालीश अजिबात नको. अस्थिरोगतज्ज्ञाकडे दुसऱ्या दिवशी जा, दुसऱ्या आठवड्यात नाही.

आणि गेल्या काही आठवड्यांत कुठली औषधं घेतलीत ते आठवून सांगा. पोट बिघडलं की आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन थेट दुकानातून आणून घेतात. सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिन या कुळातल्या गोळ्यांमुळे टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्येच या गोळ्यांच्या माहितीपत्रकात त्याचा ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. यापुढे हे कुळ टाळायचं, हे घरच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

ऑपरेशन करायचं की नाही

यावर घरोघरी वाद होतात, आणि दोन्ही बाजूंकडे मुद्दा असतो. नॉर्वेतल्या ५२६ रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांची वर्षभरानंतरची स्थिती रुग्णांच्या स्वतःच्या मूल्यमापनात सारखीच निघाली. फरक होता तो पुन्हा तुटण्यात: ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के, केलेल्यांत ०.६ टक्के. उलट मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत जास्त होतं, विशेषतः छोट्या छेदाच्या पद्धतीत.

माझं मत विचाराल तर: मधुमेह ताब्यात नसेल, किंवा तोंडात दिवसभर मावा-मसाला असेल, तर टाचेमागच्या पातळ कातडीवरची जखम भरायला त्रास देते, तिथे बिनऑपरेशनचा मार्ग गांभीर्यानं विचारात घ्यावा. तब्येत ठणठणीत, खेळात परतायची आस आहे आणि टोकांमध्ये अंतर जास्त दिसतंय, तर ऑपरेशनकडे कल ठेवावा. काहीही ठरवा, पण लवकर ठरवा. टोकं जवळ येण्याची खिडकी पहिल्या एक-दोन आठवड्यांचीच असते. आणि बिनऑपरेशन म्हणजे ‘काही न करणं’ नव्हे. आधाराचा बूट, टाचेखालच्या पाचरी, व्यायाम हे सगळं तितक्याच काटेकोरपणे करावं लागतं, किंबहुना थोडं जास्तच.

पहिले दोन आठवडे

पंजा खाली झुकवून प्लास्टर किंवा स्प्लिंट, पाय उशीवर हृदयापेक्षा उंच, कुबड्या किंवा वॉकर. या काळातला खरा शत्रू म्हणजे रक्ताची गुठळी. पोटरीत सूज आणि दुखणं अचानक वाढलं, पाय गरम लागला, किंवा धाप लागून छातीत दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. गुठळी होऊ नये म्हणून औषध हवं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मुलांकडे अमेरिकेला जायचं तिकीट काढून ठेवलं असेल तर ते पुढे ढकला. लांबचा विमानप्रवास आणि प्लास्टरमधला पाय ही जोडी वाईट.

न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची, कमोडशेजारी धरायला दांडा, दारातलं पायपुसणं उचलून ठेवलेलं. एवढं त्याच दिवशी करून घ्या.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत: बूट आणि पाचरी

आता गुडघ्याखालपर्यंतचा वॉकर बूट येतो, टाचेखाली साधारण तीन पाचरी घालून. बहुतेक सर्जन या टप्प्यात बुटासकट हळूहळू वजन टाकायला सांगतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक पाचर काढतात. ब्रिटनमध्ये ५४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०२०) प्लास्टरमध्ये राहिलेले आणि असा बूट घालून लवकर चालू लागलेले यांच्यात नऊ महिन्यांनी फरक आढळला नाही; म्हणजे लवकर चालल्यानं बिघडत नाही, आणि मधले दिवस सुसह्य होतात. तुमच्या सर्जनच्या कागदावर वेगळं वेळापत्रक असेल तर तेच पाळा.

बूट उंच असल्यानं दुसरा पाय आखूड पडतो आणि दोन आठवड्यांत कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घाला. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा हा बूट म्हणजे शिक्षाच. सुती मोजे दिवसातून दोनदा बदला आणि बूट काढायचाच असेल तर पलंगावर बसून, पंजा खाली लोंबता ठेवून काढा.

व्यायामात घोटा खाली नेण्याची मोकळीक आहे. वर, म्हणजे नडगीकडे, फक्त काटकोनापर्यंत. त्याच्या पुढे नाही! पट्टा बांधून पंजा स्वतःकडे ओढणं, पायरीवर टाच खाली सोडणं, भिंतीला हात लावून पोटरी ताणणं, हे सगळं पहिले तीन महिने बंद. पोटरी आखडल्यासारखी वाटते आणि ताणावीशी वाटते, हे मला मान्य. आखडलेली पोटरी पुढे मोकळी होते. लांबलेला टेंडन आखूड करायला मात्र व्यायाम नाही.

उजवा पाय असेल तर बूट असेतो गाडी चालवायची नाही, आणि बूट सुटल्यावरही जोरात ब्रेक दाबता आल्याशिवाय नाही. डावा असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर सर्जनला विचारून आधी जमतं. अॅक्टिव्हावर मात्र सिग्नलला पाय टेकवावा लागतो, रेती असली की तो घसरतो. स्कूटर सगळ्यात शेवटी.

आठवा ते बारावा आठवडा: सगळ्यात नाजूक काळ

बूट सुटतो, माणूस खूश होतो आणि पुन्हा तुटण्याचे प्रसंग साधारण याच सुमारास घडतात. बहुतेक वेळा मैदानात नाही, घरात: ओली फरशी, रात्री अंधारात चुकलेली शेवटची पायरी, दाराची घंटा वाजली म्हणून अनवाणी धाव. म्हणून घरातही टाच थोडी उंच असलेली, मागून पट्टा असलेली चप्पल घाला. बाहेरच्या बुटात टाचेखाली एक सेंटिमीटरची गादी ठेवा. देवळात अनवाणी जाण्याची सूट देव देईल. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा हातात.

उकिडवं बसणं म्हणजे घोटा पूर्ण वर वाकवणं. भारतीय पद्धतीचा संडास, पूजेत उकिडवं बसून निरांजन लावणं, हे सहा महिने तरी नको. मांडी घालून बसण्यात टेंडनवर ताण येत नाही, पण उठताना पुढच्या पायावर एकदम रेटा येतो, तेव्हा पाटापेक्षा खुर्ची बरी.

व्यायामाला आता खरी सुरुवात. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवा आणि टाच उचला, पंधराचे तीन संच. जमायला लागलं की गुडघ्यावर पाच किलोच्या तांदळाची पिशवी ठेवा, मग दहा. गुडघा वाकवून केलेल्या या व्यायामात पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू काम करतो, आणि चालण्याचा मोठा भार त्याच्यावरच असतो. त्यानंतर ओट्याला धरून दोन्ही पायांवर उभ्यानं टाचा उचलणं. यात लबाडी फार होते: सगळं वजन चांगल्या पायावर टाकून माणूस वर जातो आणि समाधानानं खाली येतो. म्हणून न्हाणीघरातला वजनकाटा दुखऱ्या पायाखाली ठेवा आणि त्याच उंचीची जाड वही चांगल्या पायाखाली. काट्यावरचा आकडा खोटं बोलत नाही.

तीन ते सहा महिने: एका पायावर टाच

गोल्फची परवानगी कॅलेंडर देत नाही, एका पायावरची टाच देते. भिंतीशी तोंड करून उभे राहा, दोन बोटं भिंतीला फक्त तोल म्हणून. चांगल्या पायावर टाच उचलून डोक्याच्या टोकाशी कुणाला तरी खडूची रेघ मारायला सांगा. मग दुखऱ्या पायावर. सुरुवातीला टाच जेमतेम कागद सरकेल इतकीच उठते, आणि बँकेतला मॅनेजर असो की फॅक्टरीवाला, त्या क्षणी सगळ्यांचा चेहरा सारखाच पडतो. हे नेहमीचं आहे. दोन रेघांमधलं अंतर महिन्या-महिन्यानं कमी होतंय ना, एवढंच बघा.

कमी होत नसेल, तर आणखी एक पडताळणी. पालथं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा आणि पंजे सैल सोडा. दोन्ही पंजे सारखेच किंचित छताकडे टोकदार दिसले पाहिजेत. दुखरा पंजा दुसऱ्यापेक्षा सपाट दिसत असेल तर टेंडन लांबलाय अशी शंका घ्या, व्यायाम वाढवण्याआधी सर्जनला दाखवा.

गोल्फ: आधी कुठला पाय, मग कुठली काठी

उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा पाय टार्गेटकडचा. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे काठी चेंडूकडे खाली आणताना, सगळं वजन त्यावर येतं, चेंडू लागताना तो पाय जमीन दाबून सरळ होतो आणि शेवटी घोटा बाहेरच्या कडेवर कलतो. उजवा पाय मागून ढकलतो आणि फिनिशला, म्हणजे फटक्याच्या शेवटी, चवड्याच्या टोकावर येतो, टाच आकाशाकडे. डावखुऱ्यांनी हे उलटं वाचायचं.

दुखापत डाव्या पायाला असेल तर तो पंजा टार्गेटकडे वीस-तीस अंश उघडा ठेवून उभे राहा, म्हणजे घोट्यावरचा पीळ कमी होतो. जमिनीवरून उसळी घेऊन अंतर काढायची सवय असेल तर ती या वर्षापुरती विसरा. उजवा पाय दुखावला असेल तर फिनिशला टाच जरा कमी उचला, चेंडू जवळच पडला तरी पडू द्या. दुखापत कुठल्याही पायाला असो, स्टान्स (उभं राहताना पायांमधलं अंतर) अरुंद. माझ्या अनुभवात उजव्या पायवाले जरा लवकर परततात, कारण त्यांना ढकलणं कमी करून भागवता येतं. टार्गेटकडच्या पायावर येणारं वजन मात्र टाळता येत नाही.

क्रम असा. साध्या बुटात न लंगडता चालता आलं, साधारण दहा-बारा आठवड्यांनी, की पटिंग (पटर या काठीनं चेंडू होलकडे हलकेच घरंगळवणं). उकिडवं बसून लाइन (चेंडू जाईल ती वाट) वाचायची नाही, उभ्यानंच वाचा. होलमधून चेंडू काढायला पटरच्या मुठीला बसणारी रबरी वाटी मिळते, नाहीतर कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) आहेच. कॅडीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सवयीनं तुम्हीच वाकाल. त्यानंतर, तीन महिन्यांच्या पुढे, ग्रीनभोवतीच्या (होलजवळच्या आखूड गवताभोवतीच्या) चिप्स, म्हणजे छोटे हलके फटके. यात वजन सुरुवातीपासून टार्गेटकडच्या पायावर स्थिर असतं, झटका नसतो. दोन्ही पायांवरच्या टाचा समसमान वजनानं सहज उचलता आल्या की कमरेपर्यंतच्या स्विंगनं वेज (जवळच्या उंच फटक्यांच्या काठ्या), मग तीन-चतुर्थांश स्विंगनं नऊ आणि आठ नंबरच्या काठ्या. एका पायावर टाच निम्म्याहून जास्त उंचीपर्यंत आठ-दहा वेळा गेली की मधले आयर्न (मधल्या अंतराच्या काठ्या), बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, शेवटी, सहाव्या महिन्याच्या आसपास, आणि तोही ऐंशी टक्के जोरानं. दर वेळी आधी थोडे चेंडू, मग एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंडन आदल्या दिवशीपेक्षा जाड किंवा ताठर वाटला, तर पुढच्या खेपेला एक पायरी मागे.

जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल खेळताना त्यांचा डावा अकिलीस तुटला, ऑपरेशन झालं, मेमध्ये ते स्पर्धेत उतरले आणि नोव्हेंबरमध्ये ६७ व्या वर्षी सीनियर (पन्नाशीपुढच्या खेळाडूंच्या) सर्किटची त्या मोसमातली शेवटची स्पर्धा जिंकले. कौतुक आहेच. पण त्या सर्किटवर त्यांना गाडीतून फिरता येत होतं, मागे पूर्ण वेळ मदत होती आणि शरीर आयुष्यभर कमावलेलं. आपल्याला तीन महिन्यांचा आकडा त्यांच्याकडून उचलायचा नाही.

कोर्सवर पहिला राउंड नऊ होलचा आणि शक्य असेल तर गाडीतून. गाडीतून उडी मारून उतरू नका. नऊ होल चालणं म्हणजे चार-पाच किलोमीटर, तेही गवतावर आणि चढउतारांवर. तेवढं अंतर आधी कमाटी बागेत किंवा अकोट्याच्या रस्त्यांवर चालून बघा. बॅग कॅडीकडे. गोल्फच्या बुटांची टाच कमी उंच असते, म्हणून रोजच्या बुटातली गादी काढली तरी या बुटातली सगळ्यात शेवटी काढा.

चेंडू पायांपेक्षा वर असलेला लाय (चेंडू पडलेली जागा) सगळ्यात धोक्याचा, कारण तिथे पंजा टाचेपेक्षा उंचावर येतो आणि टेंडन ताणला जातो. असा लाय आला तर चेंडू उचलून सपाटीवर ठेवा. मित्रांच्या राउंडमध्ये त्यावरून कुणी भांडत नाही. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पाय रुतवताना टाचा खाली जातात, आणि चढून बाहेर येताना वाळू सरकते. शिरा आणि निघा ते बंकरच्या सखल बाजूनं, आणि सहा महिन्यांच्या आत तर बंकरला रामराम. पावसाळ्यात ओल्या गवतावर पूर्ण स्विंग नको. जुलै-ऑगस्ट हे महिने परतीच्या वाटेत आले तर रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मॅटवरून मारा, नाहीतर घरी गालिच्यावर पटिंग करा.

गरबा या वर्षी बघायचा, खेळायचा नाही. अनवाणी, गोल फिरत, तीन तास उड्या, आणि मागचा माणूस टाचेवर पाय देणार हे ठरलेलं. उत्तरायणला गच्चीवर जा, पण पतंगाकडे बघत मागे मागे सरकू नका.

अठरा होल चालत, सलग, साधारण नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान. तोवर एका पायाची उंची दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचली असेल तर उत्तम. नसेल तरी बरेच जण समाधानानं खेळतात, फक्त चढावर पोटरी लवकर थकते आणि दुखऱ्या बाजूची पोटरी थोडी बारीक राहते. ती बहुधा तशीच राहील. टाच उचलण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा दुसरं वर्ष संपेपर्यंत चालू ठेवा, कारण ताकद पहिल्या वर्षानंतरही वाढत राहते, आणि राउंडच्या दिवशी ते राउंडच्या आधी नाही, नंतर करा.